दोन फेऱ्यांची कवळी

माझ्या दादाला गाडी चालवता येत नाही. मलाही येत नाही आणि ताईलाही कधी आली नाही. आम्हा तिघा भावंडांत स्टिअरिंगला हात लावण्याचं धाडस एकट्या दादाने केलं होतं, तेही एकच दिवस. शिकवणाऱ्याने मध्येच गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि स्वतः उतरून चालू लागला, असं वहिनी सांगते. तो सिगारेट आणायला गेला होता, असं दादा सांगतो. खरं काय ते देव जाणे, पण त्यानंतर ते दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा द्राविडी प्राणायाम त्यातूनच आला. आमच्या शहराला स्वतःचा चांगला विमानतळ आहे. घरासमोरून बस निघते ती थेट त्याच्या दारात नेऊन सोडते. दादा तिथून कधीही उडत नाही. तो उडतो लांबच्या विमानतळावरून. हा विमानतळ म्हणजे शेतांच्या मधोमध उभी केलेली एक मोठी पत्र्याची शेड आहे. तिथे लहान कंपन्यांची विमानं उतरतात आणि तिकीट निम्म्याहून स्वस्त पडतं. मात्र तिथे पोचायचं कसं, ते कंपनीवाले सांगत नाहीत. माणसाकडे गाडी असणारच, असं त्यांनी गृहीत धरलेलं आहे. माझ्या दादाचा त्यांनी विचार केलेला नाही.

दादाने त्यांची पर्वा केली नाही. आधी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी घ्यायची, कारण जलद गाडी त्या जंक्शनला थांबत नाही. जंक्शनच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की लांब पल्ल्याची बस मिळते. ती पेट्रोल पंपाजवळच्या गोल चौकात सोडते. तिथून एक छोटी बस आजूबाजूच्या खेड्यांमधून वळणं घेत विमानतळाच्या फाटकापाशी नेते. कुठल्या स्टेशनातल्या बाकड्याला पाठ आहे, कुठला नळ चालू असतो, कुठला चहावाला पाणी मोफत देतो, हे सगळं दादाला तोंडपाठ आहे. विचारू नये, कारण विचारलं की तो सांगत बसतो.

वहिनी त्याच्याबरोबर या रस्त्याने एकदाच गेली. परत आल्यावर तिने आपली बॅग माळ्यावर टाकली आणि सांगितलं की यापुढे ज्याला तिला भेटायचं असेल त्याने इथे यावं. त्यामुळे पुढच्या वेळी बळी द्यायला मी सापडले. मी धाकटी, एकटी, निवृत्त झालेली. नाही म्हणायला सबबच नव्हती.

दादाचं काम दातांचं. तो डॉक्टर नाही. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेतात, त्याचा प्लॅस्टरचा साचा त्याच्याकडे पाठवतात आणि त्या साच्यावर तो कवळी तयार करतो. त्याची लॅब म्हणजे एका इमारतीच्या मागची लांबट खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या सुऱ्या आणि ओळीने मांडलेले साचे. बघावं तिकडे जबडेच जबडे. पांढरी भुकटी त्याच्या भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर बसलेली असते. वहिनी त्याला घरात शिरण्याआधी दारातच झटकून घेते.

चाळीसेक वर्षं त्याने लोकांना दात दिले, पण ते दात घालून जेवणारा एकही माणूस कधी पाहिला नाही. साचा येतो, कवळी जाते. पलीकडे कोण आहे ते डॉक्टरला माहीत. म्हणून त्याला एक वाईट खोड लागली आहे. बाजारात, बसमध्ये, कुणाच्या अंत्ययात्रेतसुद्धा तो लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघतो. एखादी बाई हसली की हळूच म्हणतो, हे बहुतेक आपले. वहिनी कोपराने ढोसते. एकदा एका गृहस्थाने त्याला, काय बघता, असं दरडावून विचारलं होतं. दादाला खरं सांगता येईना आणि खोटं सुचेना.

आता ताई. ताई आम्हा दोघांपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली आणि आमच्या वेण्या, डबे, अभ्यास, भांडणं सगळं ताईच्या अंगावर पडलं. तिने कधी तोंड पाडलं नाही. वडील कामावरून आले की त्यांना दिवसभराच्या गमती सांगायची. वडील हसायचे, मग आम्हीही हसायचो. ताई स्वतः हसायची तेव्हा दोन बोटं ओठांवर ठेवायची. तिचा वरचा डावा दात शेजारच्या दातावर चढलेला होता, तो लपवायला. लहानपणी दादाला वाटायचं, बायका अशाच हसतात.

लग्न होऊन ताई दुसऱ्या देशात गेली आणि तिथलीच झाली. आता मुलीकडे राहते. मागच्या वर्षी हिरड्यांचा आजार बळावला आणि तिचे सगळेच दात काढावे लागले. तिथे कुणीतरी घाईत कवळी करून दिली. ती ढिली होती, बोलताना टकटक वाजायची, जेवताना खाली यायची. दोनदा चारचौघांत फजिती झाल्यावर ताईने ती पाण्याच्या भांड्यात टाकून कपाटात ठेवली.

त्यानंतर ताई गप्प झाली. व्हिडिओवर बोलायची तेव्हा फोन असा धरायची की आम्हाला तिचं कपाळ आणि मागचा पडदा दिसायचा. काही विचारलं की नुसतं हं म्हणायची. भाचीने एक दिवस फोन केला आणि रडायलाच लागली. आई आमच्याबरोबर जेवायला बसत नाही, म्हणाली. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीतरी मऊ खाते, दार लोटून घेते. शेजारीण आली तर झोपले आहे म्हणून सांग, असं सांगते. घरभर बोलत असणारी माझी ताई आता दार लोटून जेवत होती. दादाने तिच्या दातांच्या डॉक्टरचा नंबर तेवढा मागून घेतला.

त्या डॉक्टरने नव्याने माप घेऊन साचे पाठवले. पण दादाच्या कामात एक भानगड असते. कवळी एका दमात होत नाही. आधी दात मेणात बसवायचे, ते माणसाच्या तोंडात घालून बघायचे, हवे तसे हलवायचे. सगळं जमलं की मगच मेण काढून त्या जागी प्लॅस्टिक भरून कायमचं पक्कं करायचं. एकदा पक्कं झालं की दात हलत नाहीत. म्हणजे दोन फेऱ्या आल्या, एक मेणाची आणि एक पक्क्याची. मेण कुरिअरने पाठवायला दादा तयार नव्हता. जवळच्या विमानतळावरून एक फेरी होईल तेवढ्या पैशात लांबच्यावरून दोन होत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या त्या वेड्या रस्त्याला काही अर्थ आहे असं मला वाटलं. ते मी त्याला बोलून दाखवलं नाही.

निघालो ते भर उन्हाळ्यात. वहिनीने मेणाचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून दिला आणि तो उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं. मेण थंड राहिलं पाहिजे, नाहीतर दात सरकतात. गाडीत दादा डबा मांडीवर घेऊन बसला, बाळंतिणीच्या नवऱ्याने तान्हं मूल धरावं तसा. समोरची बाई कौतुकाने वाकून बघायला लागली तेव्हा त्याने डबा कुशीत घेतला.

दोन स्टेशनं गेल्यावर मी म्हटलं, मला तरी दाखव. त्याने झाकण उघडलं. गुलाबी मेणात ओळीने बसवलेले दात होते, साच्यावर नीट ठेवलेले. काम देखणं होतं, त्यात वाद नाही. मग माझी नजर वरच्या डाव्या दातावर गेली. तो शेजारच्या दातावर चढलेला होता.

“हा सरकलाय,” मी म्हटलं.

“सरकला नाही. मी तसाच बसवलाय.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. जो दात लपवण्यासाठी ताईने जन्मभर तोंडावर बोटं ठेवली, तोच या शहाण्याने मेहनत घेऊन, आठवून आठवून, जसाच्या तसा परत बसवला होता. त्याला म्हटलं, अरे, ताईला तो दात डोळ्यांसमोर नको व्हायचा. लग्नाच्या एका तरी फोटोत तिचे ओठ उघडलेले दाखव मला. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मी जंक्शन येईपर्यंत बोलत होते. बसमध्येही बोलत होते. शेवटी मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने मला विचारलं की तुमच्या घरात कुणाचा दात दुखतोय का.

गोल चौकात उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. छोट्या बसचा पत्ता नव्हता. दादा म्हणाला, येईल, ती थोडी उशिराच येते. आम्ही थांबलो. पेट्रोल पंपाच्या भिंतीला सावलीची एक चिंधी होती, तिच्यात डबा ठेवला आणि आम्ही उन्हात उभे राहिलो. बराच वेळ गेला. मग पंपावरच्या माणसाला आमची दया आली आणि त्याने सांगितलं की ती बस मुळात शाळेच्या पोरांसाठी आहे. शाळांना सुट्टी लागली की ती बंद असते.

दादाचा चेहरा पडला. तो नेहमी तिकीट सर्वांत स्वस्त असताना जातो, म्हणजे कुणालाच कुठे जायचं नसतं अशा दिवसांत, शाळा चालू असताना. त्या बसमध्ये दप्तरं असतात हे त्याने पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. आणि अख्खी नोकरी शाळेच्या ऑफिसात काढलेली मी शेजारी उभी होते, मलाही ते सुचलं नव्हतं. दोघं सारखेच दिवे लावणारे.

त्याने फडकं सोडून डब्यात बघितलं. फडकं केव्हाच वाळलं होतं. त्याने मेणाला नखाने हलकेच दाबलं आणि नख आत गेलं.

“मऊ झालंय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती. दात सगळे सरकले तर ताईच्या तोंडात घालायला काही उरणार नव्हतं. एक फेरी फुकट जाणार होती आणि तिसरी करण्याची आमची ऐपत नव्हती.

मला मात्र त्यात संधी दिसली. आयतंच मऊ झालंय तर तो एक दात सरळ करून टाक, मी म्हटलं. एका बोटाचं काम आहे. दादाने पटकन झाकण लावलं.

“आई गेल्यावर आपल्या घरात हसत कोण होतं?” तो म्हणाला. “ताईच ना? मला तिचं हसणं त्या दाताशिवाय आठवतच नाही. सरळ केला तर परक्या बाईचं तोंड होईल. मी रोज परक्यांचीच तोंडं करतो.”

मला त्याचं पटलं नाही, पण राग गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागले. दोन-तीन गाड्या वेग वाढवून निघून गेल्या. मग एक पांढरी, बंद पाठीची गाडी पंपात शिरली. तिच्यावर आइस्क्रीमचं चित्र होतं. मी जाऊन विचारलं, तर ती विमानतळावरच्या कॅन्टीनला माल पोचवायला निघाली होती.

मी ड्रायव्हरपुढे अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. त्याने आम्हाला पुढे घ्यायचं आणि डबा मागे बर्फात ठेवायचं कबूल केलं. दादा म्हणाला, मीही मागेच बसतो डब्याबरोबर. ड्रायव्हर म्हणाला, माणसं गोठवायचं लायसन्स नाही माझ्याकडे. तेव्हा कुठे दादा नाइलाजाने पुढे चढला, मी मध्ये, तो कडेला.

थोडं अंतर गेल्यावर ड्रायव्हरने विचारलं की डब्यात औषध आहे का.

“दात आहेत,” दादा म्हणाला.

आणखी दोन वळणं गेली.

“कुणाचे?”

“बहिणीचे.”

त्याने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काही बोलेना, कारण उन्हाने माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. दादा घाईघाईने म्हणाला, हिचे नाहीत, दुसरीचे. त्याने ते प्रकरण आणखीच बिघडलं. शेवटी मी ओठ फाकवून माझे दात त्याला दाखवले. त्यानंतर फाटक येईपर्यंत त्या माणसाने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

डबा परत हातात घेतला तेव्हा मेण खडूसारखं कडक होतं. दादाने एकेक दात तपासला. एकही हलला नव्हता, तो वाकडासुद्धा. त्याचा जीव भांड्यात पडला. आत तपासणीच्या ठिकाणी डबा उघडायला लावला तेव्हा त्याने, बोट लावू नका, मेण आहे, असं इतक्या कळवळून सांगितलं की तपासणाऱ्या मुलीने हात मागे घेतले आणि नुसतं वाकून बघितलं. बघता बघता तिने जिभेने स्वतःचे दात चाचपले.

ताई दारात आली ती तोंडावर रुमाल धरून. दादाने तिला वाकून नमस्कार केला, मी मिठी मारली. आमच्यासमोर तरी कसला रुमाल, असं मला म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही. जेवायच्या वेळी ती डोकं दुखतंय म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. दादा डॉक्टरच्या खुर्चीशेजारी जन्मात पहिल्यांदाच उभा होता. हात मागे बांधून, परीक्षेला बसल्यासारखा. ताईने रुमाल काढला. तोंडाचं पार बोळकं झालं होतं, गाल आत गेले होते. दादाने तो जबडा महिनाभर हातात धरला होता, त्याची रेघ न् रेघ त्याला माहीत होती. पण तो प्लॅस्टरचा होता. हे बघून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

डॉक्टरने मेणातले दात बसवले. चावायला सांगितलं, बोलायला सांगितलं. ते जागच्या जागी बसले होते, टक नाही की ढळणं नाही. डॉक्टरने मान डोलावली आणि ताईच्या हातात आरसा दिला. दादा आता थोडा पुढे सरकला. शाबासकीची वाट बघणाऱ्या मुलाचा चेहरा कसा असतो, तसा त्याचा झाला होता.

ताई आरशात बराच वेळ बघत होती.

“हा कशाला आणलास?” तिने विचारलं.

“तुझाच आहे, ताई. होता तसाच.”

“माझाच आहे ते कळतंय मला. म्हणूनच विचारतेय.” महिनोन्महिने हं म्हणणारी ताई पूर्ण वाक्यं बोलत होती. “सगळे दात गेले तेव्हा मी रडले. या एकासाठी नव्हते रडले. आणि तू नेमका हाच शोधून परत आणलास.”

“मला आवडायचा तो,” दादा म्हणाला.

“तुला आवडायचा, कारण तो तुझ्या तोंडात नव्हता.”

मी सांगत नव्हते का, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. दादाकडे बघितलं आणि गिळून टाकलं. तोंडात मारल्यासारखा उभा होता बिचारा. मग ताईच त्याच्या मनगटाला हात लावून म्हणाली, “सरळ कर ना रे. एकदा तरी सरळ बघू दे.”

दादाने डॉक्टरकडे दिवा आणि सुरी मागितली. सुरी तापवून त्याने त्या दाताच्या मुळाशी मेणात घातली, दात अंगठ्याने धरला आणि फिरवला. मग बाजूचं मेण गुळगुळीत केलं. सगळं काम मिनिटभराचं. ताईने आरशात परत पाहिलं आणि मान हलवली. ती हसली नाही, कारण मेणाच्या दातांनी हसू नका म्हणून डॉक्टरने सांगितलं होतं. दात परत डब्यात गेले आणि रुमाल परत तोंडावर गेला.

परतीच्या विमानात दादा एकच वाक्य बोलला. जन्मात एकदाच ओळखीच्या माणसाचे दात केले, म्हणाला, आणि तेच चुकले. मी त्याला सांगितलं की चुकला असेल तर एक चुकला, बाकीचे सगळे बरोबर आहेत. आइस्क्रीमच्या गाडीची गोष्ट आम्ही त्या फेरीत ताईला सांगितलीच नाही. कुणाचीच मनःस्थिती नव्हती.

पुढचे काही आठवडे वहिनीचे फोन यायचे. लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबतो, जेवताना बोलत नाही, बाजारात कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. हे शेवटचं ऐकून मला खरी काळजी वाटली. एक दिवस मी लॅबमध्ये गेले. ताईचे दात तयार होते, गुलाबी, चकचकीत, सगळे सरळ. दादा ते दिव्याखाली उलटसुलट करून बघत होता. चांगले झालेत, मी म्हटलं. कुणाचेही असू शकतील असे झालेत, तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीला शाळा सुरू झाल्या होत्या. छोटी बस आली, थोडी उशिरा, दप्तरांनी भरलेली. दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि चढलो. वहिनीने डबा या खेपेलाही ओल्या फडक्यात गुंडाळून दिला होता. आत वितळण्यासारखं काही नव्हतं, पण तिला कोण सांगणार.

डॉक्टरने दात बसवले, एका कडेला थोडंसं घासलं आणि दोन दिवस मऊ खा, समोरच्या दातांनी काही तोडू नका, अशा सूचना दिल्या. ताईने आरशात बघून बरे आहेत म्हटलं. इतकंच. घरी येताना तिने रुमाल हातात ठेवला होता, तोंडावर नाही. पण बोलली फारशी नाही. दादा तिच्याकडे चोरून बघत होता आणि मला त्याचं मन वाचता येत होतं. त्याला परकी बाई दिसत होती.

दुपारी भाचीने टेबलावर पानं मांडली. ताईचंही मांडलं, पण तिला बोलवायला गेली नाही. आम्ही सगळे बसलो आणि कुणी घास उचलेना. मग आतलं दार उघडलं. ताई आली, खुर्ची ओढून बसली आणि सूप पुढे ओढलं. पावाचा तुकडा हाताने तोडून, सुपात बुडवून तिने दाढेखाली घातला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

“जेवा की,” ती म्हणाली. “कुणीतरी काहीतरी बोला.”

मी बोलायला लागले. दुसरं काही सुचेना म्हणून आइस्क्रीमची गाडी काढली. शाळेची बस, पंप, माणसं गोठवायचं लायसन्स. ताईच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. मग मी ड्रायव्हर झाले आणि विचारलं, कुणाचे. दादा इच्छा नसताना म्हणाला, बहिणीचे. मी मान वळवून स्वतःच्याच तोंडाकडे बघितल्याचं सोंग केलं आणि ओठ फाकवून दात दाखवले.

ताईला हसू फुटलं. फुटल्याबरोबर तिचा उजवा हात वर गेला, दोन बोटं पुढे करून, लहानपणी जायचा तसाच. ओठांपाशी आला आणि थांबला. ताईने त्या बोटांकडे बघितलं. क्षणभर तिला स्वतःलाच कळेना की ही इथे कशाला आली आहेत. मग तिने हात खाली घेऊन टेबलावर ठेवला आणि तोंड उघडं टाकून हसली. आवाज करून, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्या गालाला खळी पडते हे मला सत्तरीच्या ताईकडे बघून त्या दिवशी कळलं. ती कायम त्या हाताच्या आड असायची.

भाचीही हसत होती, मीही हसत होते. दादाचा चमचा सुपातच राहिला होता.

“काय रे?” ताईने विचारलं. “सैल झाले का?”

“नाही. नीट बसलेत.”

“मग रडतोस कशाला?”

दादाने मनगटाने डोळे पुसले. “तुला हसताना मी आज पहिल्यांदा बघितलं,” तो म्हणाला.

“मग आता बघून घे,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “पुढे सांग गं. त्या माणसाने माझे दात आइस्क्रीमच्या वर ठेवले होते की खाली?”